खालच्या उतारावरच्या जाळ्या

संस्थेत तिला सगळे पाचोळाबाई म्हणत. हे नाव संचालकांनी ठेवलेलं, तेही ते संचालक व्हायच्या कितीतरी आधी, आणि ठेवताना त्यात माया होती. जंगलात झाडांवरून खाली काय पडतं ते गोळा करायचं, वाळवायचं, निवडायचं आणि तोलायचं, हे तिचं काम. पानं एका ताटात, काटक्या दुसऱ्यात, फुलं-फळं तिसऱ्यात, आणि कशातच न बसणारा चुरा चौथ्यात. एवढं शिकून शेवटी केरच काढतेस होय, असं तिची सख्खी बहीण म्हणायची. ती चिडायची नाही. जंगल धडधाकट आहे की नुसतं उभं आहे हे पाचोळा सांगतो, आणि पाचोळ्याला खोटं बोलता येत नाही, असं ती म्हणायची. माणसांबद्दल तिचं मत इतकं चांगलं नव्हतं.

पाचोळा धरायला जाळ्या असत. जाळी म्हणजे फार काही नाही. मच्छरदाणीचं कापड लोखंडी कड्याला शिवायचं, कडं कमरेइतक्या उंच खांबांवर बसवायचं आणि मधोमध कापडाला थोडा झोळ सोडायचा, म्हणजे पडलेलं वाऱ्याने उडत नाही. खालच्या उतारावर अशा जाळ्यांच्या रांगा होत्या. जागा संचालकांनीच निवडलेली, तरुणपणी, गुडघाभर चिखलात उभं राहून. पाचोळाबाई तेव्हा त्यांची विद्यार्थिनी होती. ओढा कुठे ओलांडायचा, वेलीला हात लावण्याआधी काय बघायचं, वाट चुकली तर काय करायचं, हे सगळं तिला त्यांनी शिकवलं. पुढे ते खुर्चीवर गेले आणि ती जाळ्यांपाशी राहिली. दर पंधरवड्याला ती उतारावर जायची. तिथलं झाड न् झाड तिला डोळे मिटून सांगता यायचं.

तो उतार कंपनीने कापला. तेलताडाची लागवड करायची होती. परवानगी होती ती झुडपी रान काढायची, आणि काढलं ते भर दुपारी आभाळ दिसू न देणारं जंगल. बोभाटा झाला, चौकशी समिती नेमली गेली. आता हे निस्तरायचं तर कुणीतरी जाणकाराने लिहून द्यायला हवं होतं की खालच्या उतारावर जंगल कधी नव्हतंच. ते संचालकांनी लिहून दिलं. कुंपणानेच शेत खाल्लं. बरं, गोष्ट तेवढ्यावर थांबणारी नव्हती. खालचा उतार झुडपी ठरला की त्याच अहवालाच्या जोरावर वरचा उतारही झुडपी ठरणार होता. वरचा अजून उभा होता, ओढ्याच्या उगमापर्यंत, जसाच्या तसा. समितीने अहवाल मानला की तिथे करवती चढणार, नाही मानला तर कंपनीला गाशा गुंडाळावा लागणार. पाचोळाबाईला दुसरं काही नको होतं. खालचा गेला तो गेला, वरचा राहिला पाहिजे.

ती संचालकांच्या खोलीत जाऊन भांडली. इतक्या वर्षांची माझी वजनं आहेत, झुडपी रानातून एवढा पाचोळा पडतो का, असं तिने विचारलं. संचालकांनी तिला बसायला सांगितलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाले, "शांत हो. आपण मग बघू." त्यांचं हे ‘मग बघू’ संस्थेत सगळ्यांना पाठ होतं. एकदा का एखादी गोष्ट मग बघूमध्ये गेली की तिचं तोंड पुन्हा दिसत नसे. तिची वजनं अहवालात आलीच नाहीत. समितीपुढे मांडायची तर त्यांची परवानगी हवी, कारण ती संस्थेची मालमत्ता. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस हा नव्हे, हा भांडंच आपलं म्हणणारा, असं ती दारातून बाहेर पडताना मोठ्याने म्हणाली. बाहेर बसलेल्या कारकुनाने मान खाली घातली.

त्यात जाळ्यांचा प्रकार झाला. संस्थेच्या आणि कंपनीच्या करारात एक ओळ होती की संशोधनाच्या साहित्याला कुठलीही इजा होऊ देणार नाही. कंपनीने ती ओळ अक्षरशः पाळली. तोडणीच्या आधी माणसं लावून सगळ्या जाळ्या अलगद उचलल्या, गोदामात ठेवल्या, उतार बोडका केला, खोडं ओढून नेली, आणि मग प्रत्येक जाळी मोजून-मापून मूळ जागेवर परत उभी केली. वर फोटोंसकट पत्र पाठवलं, की पाहा, एकाही जाळीला ओरखडा नाही. पाचोळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झाडं कापली आणि जाळ्या जपल्या. लाल मातीच्या उघड्या उतारावर, खुंटांच्या मधोमध, आभाळाकडे तोंड करून कापडाच्या झोळ्या उभ्या, आणि त्यात पडायला वर काही म्हणजे काही नाही.

जाळ्या काढून आणा, असा निरोप संचालकांनी दिला. तिने काढल्या नाहीत. शून्य हीसुद्धा नोंद असते, ती म्हणाली. दर पंधरवड्याला जाऊन मी शून्य गोळा करीन आणि दर पंधरवड्याला ते तुमच्या टेबलावर ठेवीन. रागाला काहीतरी काम लागतं. तिच्या रागाला हे काम मिळालं.

पहिल्या खेपेला ती संस्थेच्या ड्रायव्हरला घेऊन गेली. हा उंचापुरा, अबोल गृहस्थ तिला वर्षानुवर्षं तिथे सोडायचा. गाडी कंपनीने काढलेल्या नव्या रस्त्याच्या कडेला थांबली. सकाळ बरीच वर आली होती आणि उतार तापला होता. तिने पहिल्या जाळीत पाहिलं. झोळात पानं होती.

लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, देठाशी तांबूस. त्या झाडाचा खुंट जाळीपासून हात-दोन हातांवर होता आणि त्यातून निघालेला चीक कधीच वाळून काळा पडला होता. पानं मात्र नुकती गळलेली दिसत होती. तिने एक बोटांत धरून वाकवलं. ते मोडलं नाही, वाकलं.

कुणीतरी चावटपणा करतंय, हा तिचा पहिला विचार. दुसरा वाऱ्याचा, की वरच्या उतारावरून उडून आली असतील. पण हे झाड वरच्या उतारावर नव्हतंच. ती रागारागाने एकेक जाळी बघत सुटली. प्रत्येक जाळीत त्या त्या जागेचाच पाचोळा होता. जिथे वेल असायची तिथे वेलीची फुलं, जिथे उंबराच्या जातीचं जुनं झाड होतं तिथे पक्ष्यांनी अर्धी खाल्लेली फळं. चावटपणा करणाऱ्याला तिच्याइतकी जागा ठाऊक असायला हवी होती, आणि तितकी ठाऊक असलेलं माणूस जगात एकच होतं, ते तीच.

तिने सगळं पिशव्यांत भरलं, संस्थेत आणलं, भट्टीत वाळवलं, ताटांत निवडलं आणि तोललं. वजन नेहमीइतकंच भरलं. तोडणीच्या आधी, याच हंगामात, जितकं भरायचं तितकंच.

पुढच्या खेपेला ती डबा-पाणी घेऊन बसायलाच गेली. ड्रायव्हरला गाडीत थांबायला सांगितलं आणि आपण एका जाळीशेजारी खुंटावर ठाण मांडलं. चारही बाजूंना काही लपायला जागा नव्हती. दूर कंपनीची माणसं तेलताडाची रोपं लावत होती आणि त्यांच्या बोलण्याचा पुसट आवाज येत होता. बराच वेळ काही झालं नाही. मग जाळीच्या कापडावर बारीक टपटप सुरू झाली, वाळूचे कण पडावेत तशी. हा आवाज ती ओळखत होती. वर पानं खाणाऱ्या अळ्या असल्या की त्यांची लेंडी अशी पडते. तिने वर पाहिलं. वर स्वच्छ निळं आभाळ होतं. तिने जाळीत पाहिलं, आणि काळे दाणे झोळात जमत होते.

थोड्या वेळाने एक पान आलं. कुठून निघालं ते तिला दिसलं नाही. डोक्याच्या बरंच वर ते अचानक होतं, आणि मग गिरक्या घेत, मधेच कशावर तरी क्षणभर अडकून, सुटून, पुन्हा गिरक्या घेत खाली आलं. ते जिथे अडकलं तिथे काही नव्हतं.

तिच्या लक्षात आलं की मानेवर ऊन लागत नाहीये. ऊन दिसत होतं, मातीवर पसरलेलं होतं, पण अंगाला लागत नव्हतं. ओल्या सालीचा, कुजक्या पानांचा वास येत होता, तोच ओळखीचा वास, ज्याने इतकी वर्षं तिचे कपडे भरलेले असत. तिला भीती वाटायला हवी होती. तिला रडू आलं, आणि रडता रडता राग आला. ती उठून गाडीकडे गेली. मोटारीचं इंजिन सुरू करता करता ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "तुम्ही तिथे बसलात की इथून दिसत नव्हतात, ताई. मला वाटलं उठून कुठे गेलात."

तिने संचालकांना सगळं सांगितलं. सांगावं असं वाटत नव्हतं, पण निरीक्षण लपवायचं नाही ही शिस्त त्यांनीच लावलेली. त्यांनी वाळवलेल्या पानांचं ताट पुढे ओढलं, एक पान उचललं, उजेडात धरलं आणि खाली ठेवलं. झाड त्यांनी ओळखलं हे तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी ताट तिच्याकडे सरकवलं आणि सांगितलं की हे जुन्या पिशव्यांतलं आहे, तुझा घोळ झालाय, तू दमली आहेस, रजा घे. आणि नोंद शून्य कर.

"शून्य नाहीये, सर," ती म्हणाली.

"मग जाळ्या काढ," ते म्हणाले. "समिती यायच्या आत."

जाळ्या निघाल्या नाहीत आणि समिती आली. कंपनीने रस्त्यालगत कापडी मांडव घातला होता, खुर्च्या आणि गार पाणी ठेवलं होतं. समितीच्या अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीशबाई, कमी बोलणाऱ्या, पायात जाड तळव्यांचे बूट घालून आलेल्या. कंपनीचा माणूस हसतमुख होता आणि सगळ्यांना टोप्या वाटत होता. पाचोळाबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती ड्रायव्हरच्या शेजारी बसून आली आणि मांडवाच्या टोकाला उभी राहिली. तिच्या पिशवीत पानं होती. ती कुणाला दाखवायची आणि काय सांगून दाखवायची, हे तिला सुचत नव्हतं. ज्याचं झाड नाही त्याचं पान पुरावा म्हणून कोण धरणार?

संचालक छान बोलले. नेहमीच छान बोलायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाका, ते म्हणाले, ही माती बघा, अशा मातीत मोठं झाड उभं राहतं तरी का? मी ही जागा तरुणपणापासून ओळखतो. इथे काटेरी झुडपं आणि गवत, बाकी काही नाही. मधून चालून दाखवतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. आणि ते मांडवातून उतरून जाळ्यांच्या रांगेत शिरले. पाचोळाबाईच्या मनात आलं, ज्या हाताने खांब रोवले त्याच हाताने हा माणूस हे दाखवतोय. चीड अशी आली की हातातली पिशवी तिने चुरगाळली.

पहिली काही पावलं ते सरळ गेले. मग त्यांनी मान खाली घातली, डोक्यावर काही आडवं आल्यासारखी. हाताने ते बाजूला केलं आणि पुढे झाले. माशी असेल, असं कंपनीचा माणूस म्हणाला.

ते एका मोकळ्या जागेला वळसा घालून गेले. मग दुसऱ्या. पाय उंच उचलून कशावरून तरी पलीकडे टाकला. थांबले. वर पाहिलं, बराच वेळ. मग मागे वळले.

मांडव त्यांच्या समोर होता. माणसं समोर होती. हाकेच्या अंतरावर, भर उन्हात, मधे आडोसा म्हणून एक काडी नाही. त्यांची नजर मांडवावरून फिरली आणि तशीच पुढे गेली.

"सर," कंपनीच्या माणसाने हाक मारली. ते वळले नाहीत. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. लांब रोपं लावणारी माणसं उभी राहून बघायला लागली, पण संचालकांना तो ऐकू आला नाही. ते डावीकडे चालले, मग उजवीकडे, मग होते तिथेच परत आले. उघड्या माळावर एक माणूस वाट चुकला होता आणि सगळे बघत होते. कंपनीचा माणूस हसला, पण त्याच्यासोबत कुणी हसलं नाही.

मग संचालकांनी वाकून जमिनीवरून दगड उचलला. पुढे काय ते पाचोळाबाईला ठाऊक होतं. दाट जंगलात माणसाची हाक पोचत नाही. वाट चुकलेल्याने मोठ्या झाडाचं फळीसारखं पसरलेलं मूळ शोधायचं आणि त्यावर दगडाने ठोकायचं. ते नगाऱ्यासारखं घुमतं. ऐकणाऱ्याने आपल्या जवळच्या मुळावर ठोकून उत्तर द्यायचं. तिला हे त्यांनीच शिकवलं होतं.

संचालकांनी हात उगारला आणि हवेत दगड मारला.

आवाज आला.

खोल, भरीव, लाकडाचा. तो उतारावरून घुमत वर गेला. न्यायाधीशबाईंनी हातातला ग्लास खाली ठेवला.

त्यांनी पुन्हा ठोकलं. मग कान देऊन उभे राहिले.

उत्तर द्यायला तिच्याजवळ एकही झाड नव्हतं.

शेवटी ड्रायव्हर आणि आणखी एक जण गेले आणि त्यांनी संचालकांना दंडाला धरून बाहेर आणलं. त्या दोघांना काही झालं नाही. संचालक मात्र येताना वाकत होते, अंग चोरत होते, पाय उचलून टाकत होते. मांडवात आणून बसवलं तरी त्यांची नजर कुणावर ठरेना. त्यांचा सदरा खांद्यापाशी काट्याने फाडावा तसा फाटला होता. गुडघ्यापर्यंत पँट भिजली होती आणि बुटांना काळा चिखल होता. उतारावरची माती लाल होती आणि कोरडी ठणठणीत.

ऊन लागलं, असं कंपनीचा माणूस म्हणाला. न्यायाधीशबाई बुटांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी जाहीर केलं की सुनावणी सोमवारी होईल. "अहवाल ज्यांनी लिहिला त्यांनी समोर येऊन शपथेवर सांगितलं, तर मी तो धरीन," त्या म्हणाल्या. "ते आले नाहीत, तर अहवाल नाही आणि परवानगीही नाही."

शनिवारी सकाळी पाचोळाबाईला वहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे संचालकांच्या पत्नी. विद्यार्थिनी असताना पाचोळाबाई त्यांच्या घरी कितीदा जेवली होती, आणि एकदा रानातला ताप चढला तेव्हा वहिनी तिच्या उशाशी बसून होत्या. आता त्यांचा आवाज चिरका झाला होता. डॉक्टर येऊन गेले, डोळे ठीक, कान ठीक, डोक्याचा फोटो ठीक. पण माणूस कुणाला बघत नाही, कुणाचं ऐकत नाही. "तुझ्या नावाने मात्र हाका मारतात," वहिनी म्हणाल्या. "तू ये गं. तुझं ऐकतील ते."

बैठकीच्या खोलीत कोच आणि टेबल भिंतीला सरकवलेलं होतं, कारण संचालक चालत राहायचे आणि आपटायचे. त्या वेळी ते खिडकीसमोरच्या खुर्चीत होते. खुर्ची आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. एखाद्या मुळावर बसावं तसे ते कडेला टेकले होते. दाढी वाढली होती. हाताच्या मागच्या बाजूला ओरखडे होते, ताजे.

"सर," ती म्हणाली.

त्यांनी झटकन मान वर केली. "पाचोळाबाई? कुठे आहेस तू?"

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर घेतला.

"बाहेर आहे, सर. रस्त्यावर."

"मला काढ इथून," ते म्हणाले. "फिरून फिरून तिथेच येतोय. तुला जागा पाठ आहे. मला सगळं विसरायला झालंय."

तिने विचारलं, काय दिसतं. ते सांगायला लागले, आणि जुनी सवय मोडत नाही, अगदी व्यवस्थित सांगायला लागले. समोर तांबड्या देठाचं झाड, दोघांच्या कवेत न मावणारं. त्याला बिलगलेली वेल. उजवीकडे उंबराच्या जातीचं, खाली फळांचा सडा. वर आभाळ नाही. पाचोळाबाई ऐकत होती. प्रत्येक झाड जागच्या जागी होतं. तिला वाटलं नव्हतं की तिला आनंद होईल, पण झाला, एक क्षणभर, आणि मग त्याची जागा रागाने घेतली.

"हे अहवालात नाही, सर."

"आत्ता अहवालाचं काय घेऊन बसलीस?"

"सोमवारी सुनावणी आहे. मी तुम्हाला बाहेर काढते. तुम्ही समितीला एवढंच सांगायचं, की इथे जंगल होतं."

ते ओरखडलेला हात मांडीवर घासत राहिले. तिला त्यांचा चेहरा इतक्या वर्षांत पाठ झाला होता. भीती मागे सरली आणि हिशेब पुढे आला, हे तिला स्वच्छ दिसलं.

"आधी बाहेर काढ," ते म्हणाले. "मग बघू."

"आत्ता सांगा."

"अगं, असं कसं सांगू?" त्यांचा आवाज समजावणीचा झाला, वर्गात व्हायचा तसा. "मी बाहेर आलो की हे सगळं नसेलच ना. उघडी माती असेल. जे नाही, ते होतं म्हणून मी शपथेवर कसं सांगू? तूच विचार कर."

वहिनी दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांना यातलं काही उमगत नव्हतं. नवरा इतक्या दिवसांनी कुणाशी तरी बोलतोय, एवढंच त्यांना दिसत होतं. "मी चहा ठेवते," त्या हळूच म्हणाल्या. "तू बोलत राहा हं. थांबू नकोस."

त्या आत गेल्या. पाचोळाबाईने खुर्ची ओढून संचालकांच्या समोर मांडली आणि बसली. बाहेर काढणं अवघड नव्हतं. तांबड्या देठाच्या झाडापासून उताराने खाली, ओढ्याच्या काठाकाठाने, आणि थोड्याच वेळात रस्ता. पाण्याच्या संगतीने खाली उतरलं की माणूस रस्त्याला लागतो, हे कुणालाही कळतं. मग सोमवारी हा माणूस दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून समितीपुढे उभा राहील, छान बोलेल, आणि पावसाच्या आत वरच्या उतारावर करवती लागतील.

"पाण्याचा आवाज येतो का, सर?"

ते ऐकू लागले. "येतो."

"त्याच्याकडे चला."

ते उठले. भिंतीच्या दिशेने दोन पावलं गेले, वळले, पुन्हा चालले. खोलीच्या मधल्या फरशीवर त्यांनी पाय जपून जपून टाकले. "आलो," ते म्हणाले. "पाय बुडाले. आता खाली ना?"

"नाही. वर."

"वर? पाणी तर खाली रस्त्याकडे जातं."

"खाली सगळं कापलंय, सर," ती म्हणाली. "खाली काही उरलेलं नाही."

ते क्षणभर घुटमळले. मग त्यांनी मान डोलावली. "तुझंच बरोबर असणार," ते म्हणाले. "तू नेहमी असतेस इथे."

ते चालायला लागले, खोलीतल्या खोलीत, गोल. उजव्या हाताने वेली बाजूला करत. ती बसून सांगत राहिली, शांतपणे, एकदाही न अडखळता. दोन दगडांमधून. आता डावा काठ धरा. वाकून. इथे निसरडं आहे, जपून. झाडी दाट झाली, असं ते म्हणाले, आणि ती म्हणाली, होते थोडी, मग उघडतं. अंधारून आलंय, असं ते म्हणाले, आणि ती म्हणाली, चालत राहा. मग ते दमले आणि खुर्चीत टेकले. तरी त्यांचे पाय जागच्या जागी एकामागून एक उचलले जात होते.

वहिनींनी आतून विचारलं, येतायत का गं बाहेर?

"येतायत, वहिनी," ती म्हणाली.

संचालकांनी तोंड उघडलं. ओठ हलले, मिटले. खोलीत काही ऐकू आलं नाही. ओठ मिटल्यावर थोड्या वेळाने, पुसट, लांबून, त्यांचा आवाज आला, "रस्ता दिसत नाही अजून."

"आलाच, सर," पाचोळाबाई म्हणाली, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून तिला बरंच मोठ्याने बोलावं लागलं.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. संचालकांचे ओठ पुन्हा हलले आणि मिटले. वहिनी थबकल्या. नवऱ्यासमोरून तशाच पुढे जाऊन त्यांनी ट्रे खिडकीत ठेवला, आणि बाहेरचं दार उघडून लांब त्या उताराच्या डोंगराकडे बघत राहिल्या.

"कोण गं हाका मारतंय?" त्या म्हणाल्या.